कूर्चेच्या गाठीचे निदान एकट्या तुकड्यावर का होत नाही

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ५८ वर्षांच्या वडिलांची उजवी मांडी वर्षभरापासून दुखते आहे आणि अलीकडे रात्री झोपमोड होते. आधी सायटिका समजून गोळ्या व शेक झाला. नंतर एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात चुन्यासारखे ठिपके दिसले. एमआरआयच्या अहवालात ‘एन्कॉन्ड्रोमा किंवा लो ग्रेड कॉन्ड्रोसार्कोमा’, म्हणजे कूर्चेची (नाक-कानात असते तशा लवचीक, मऊ हाडाची) साधी गाठ किंवा सौम्य दर्जाचा कर्करोग, असे लिहून आले आणि हाडाची आतली बाजू खोलवर कोरली गेल्याची नोंद आली. सुईने काढलेल्या तुकड्याच्या अहवालात मात्र ‘कूर्चेची गाठ, कर्करोगाचा निश्चित पुरावा नाही, एक्स-रे व लक्षणांशी पडताळून पाहावे’ एवढेच आहे. एक डॉक्टर सहा महिने थांबायला सांगतात, दुसरे हाड कापून कृत्रिम सांधा बसवावा लागेल म्हणतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी सुई लावली हेच चुकले, आता ते पसरणार, असे म्हणत आहेत. खरे कोणाचे मानायचे, एवढ्या तपासण्या होऊनही कोणी ठाम का बोलत नाही, आणि हा आजार पुढे मुलांना होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांपैकी, आणि बेळगाव परिसरातून येणाऱ्या हाडांच्या गाठी पाहण्यात माझ्या कामाचा बराच भाग गेला आहे. त्यामुळे आधी हेच सांगतो की तुमच्या हातातील दोन अहवाल परस्परविरोधी नाहीत. कूर्चेच्या गाठींत साधी गाठ आणि सौम्य दर्जाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की केवळ काचेवरून त्यांच्यात रेघ ओढणे अनुभवी माणसालाही अनेकदा जमत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हाडांच्या गाठींतील नामांकित पॅथॉलॉजिस्ट व रेडिओलॉजिस्ट मंडळींना लांब हाडांतील कूर्चेच्या त्याच त्या गाठी वेगवेगळ्या वाचायला दिल्या होत्या, आणि साधी गाठ कोणती व सौम्य कर्करोग कोणता यावर त्यांच्यातही पुरेसे एकमत झाले नाही. तेव्हा ‘पडताळून पाहावे’ हे वाक्य वाचून पॅथॉलॉजिस्टने हात झटकले असे समजू नका. या आजारात ते वाक्य अहवालातील सर्वांत प्रामाणिक वाक्य असू शकते, फक्त ती पडताळणी कोणीतरी खरोखर करायला हवी, आणि तुमच्या बाबतीत ती अजून झालेली दिसत नाही.

आजाराविषयी थोडे. हाडात मुळातच सुरू होणारे कर्करोग सर्व कर्करोगांत एक टक्क्याहूनही कमी असतात. त्यांत कूर्चा तयार करणारा कॉन्ड्रोसार्कोमा हा प्रौढांमध्ये ऑस्टिओसार्कोमा या हाड तयार करणाऱ्या कर्करोगाच्या जोडीने सर्वाधिक आढळणारा प्रकार असला, तरी एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरला तो आयुष्यभरात एखादाच दिसेल किंवा दिसणारही नाही. साधारण चाळिशीनंतर, कमरेच्या (ओटीपोटाभोवतीच्या) हाडांत, मांडीच्या वा दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खांद्याच्या पात्यात किंवा बरगडीत तो होतो. वाढ बहुधा संथ असते आणि दुखणे महिनोन्महिने अंगावर काढले जाते. भातलावणी, ऊसतोड, ओझी वाहणे यांत आयुष्य गेलेल्या माणसाला मांडी दुखणे हे दुखणेच वाटत नाही; हाडवैद्याकडून तेल चोळून घेणे, पट्टा बांधणे आणि पुन्हा शेतात जाणे हाच आपल्याकडचा क्रम असतो. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही, कारण कष्टाने दुखणारे अंग आणि गाठीने दुखणारे हाड यांतला फरक त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. कष्टाचे दुखणे विश्रांतीने कमी होते, तर हाडातील वाढत्या गाठीचे दुखणे विश्रांतीतही चालू राहते आणि रात्री जास्त जाणवते. कंबर ते गुडघा या पट्ट्यातील असे दुखणे काही आठवडे हटले नाही, तर कण्याच्या एमआरआयआधी मांडी आणि कमरेच्या या हाडांचा साधा एक्स-रे काढावा, असे मी प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगत आलो आहे. साध्या एक्स-रेचे महत्त्व आता फारच कमी मानले जाते. कूर्चेच्या गाठीत निम्मे निदान तिथेच असते.

एक्स-रेवर दिसलेले ठिपके म्हणजे कूर्चेच्या गोलसर खंडांच्या कडेने साचलेला चुना. तो बारीक कड्यांच्या आणि कमानींच्या आकारात दिसतो, आणि तसा दिसला की गाठ कूर्चेची आहे एवढे बहुतेक ठरते. ती साधी की घातक हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी रेडिओलॉजिस्ट हाडाच्या बाहेरच्या कठीण भिंतीकडे पाहतो. आतून वाढणारी गाठ भिंत कोरत जाते. मांडीसारख्या लांब हाडात ही कोर भिंतीच्या जाडीच्या दोनतृतीयांशाहून खोल गेली, लांबवर पसरली, भिंत फुटून गाठ स्नायूत आली, हाड फुगले किंवा भोवती नवे हाड तयार होऊ लागले, तर संशय वाढतो. पूर्वीच्या एक्स-रेमध्ये असलेला चुना नव्या एक्स-रेमध्ये एखाद्या जागी नाहीसा झाला असेल तर ती विशेष वाईट खूण, कारण तिथे दुसरे काही तरी वाढून चुना खाल्ला जातो आहे. म्हणूनच चार वर्षांपूर्वी पडल्यावर काढलेला एखादा जुना एक्स-रे घरात कुठे गुंडाळून ठेवलेला असेल तर तो शोधा. नव्या महागड्या तपासणीपेक्षा तो कधी कधी जास्त सांगतो.

याउलट, हाताच्या बोटांतील छोट्या हाडांत अशाच गाठी नेहमी सापडतात आणि त्या जवळजवळ सगळ्या साध्या असतात, जरी त्यांच्या पेशी काचेवर मांडीच्या गाठीपेक्षा जास्त बिथरलेल्या दिसल्या तरी. तीच पेशीरचना बोटात असेल तर मी साधी गाठ लिहीन आणि कमरेच्या हाडात असेल तर कर्करोग लिहीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणातही हाच विचार आहे: हातापायांच्या लांब हाडांतील सौम्य दर्जाच्या गाठीला ‘अटिपिकल कार्टिलेजिनस ट्युमर’ म्हटले जाते, तर कमरेत, खांद्याच्या पात्यात किंवा कवटीच्या तळाशी असलेल्या तशाच गाठीला ‘ग्रेड १ कॉन्ड्रोसार्कोमा’ म्हणतात, कारण तिथे ती पूर्ण काढणे अवघड असते आणि ती पुन्हा उद्भवून जीव घेऊ शकते. जागा न कळवता पाठवलेल्या तुकड्यावर आम्ही काय लिहावे? तरीही आमच्याकडे येणाऱ्या अर्जावर पुष्कळदा ‘बोन ट्युमर’ एवढेच लिहिलेले असते, ना कोणते हाड, ना वय, ना एक्स-रे.

सुईविषयीची भीती सीमाभागात कानडी घरांतही तेवढीच आहे जेवढी मराठी घरांत, त्यामुळे तिच्यावर जरा सविस्तर लिहितो. सुई लावल्याने साधी गाठ कर्करोगाची होत नाही आणि कर्करोग अंगभर उधळत नाही. मात्र कूर्चेच्या गाठीच्या पेशी सुईच्या किंवा चिऱ्याच्या वाटेत सांडल्या तर तिथे रुजू शकतात, एवढा अंश त्या भीतीत खरा आहे. म्हणून नियम असा की पुढे ज्या सर्जनला मोठी शस्त्रक्रिया करायची आहे त्यानेच, किंवा त्याच्याशी बोलून रेडिओलॉजिस्टने, सुईची वाट ठरवावी. म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी ती वाट गाठीसोबत कापून काढता येते. तपासणी घाईने, वाटेल त्या जागेतून, आडवा चिरा घेऊन केली गेली तर वाचवता आला असता तो पाय कधी कधी वाचत नाही. अमेरिकेतील हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा आणि १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा अभ्यास करून हेच दाखवले: उपचार जिथे होणार त्या केंद्राबाहेर तुकडा काढला गेला तेव्हा चुका आणि गुंतागुंत कितीतरी पटीने जास्त आढळली. तुमच्या वडिलांची तपासणी होऊन गेली आहे. आता तिची खंत करू नका. सुई कोणत्या बाजूने, कोणत्या जागेतून गेली याची लेखी नोंद त्या डॉक्टरांकडून घ्या आणि त्वचेवरची खूण दिसत असेल तर शेजारी मोजपट्टी धरून तिचा फोटो काढून ठेवा. पुढच्या सर्जनला याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

प्रयोगशाळेत काय होते ते पाहिले की अहवालाला इतके दिवस का लागतात आणि तो इतका सावध का असतो हे कळेल. तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तोही तुकड्याच्या दहापट द्रवात यावा लागतो. बाहेरगावाहून नातेवाईक एस.टी.ने बाटली घेऊन येतात आणि तिच्यात सलाइन निघते तेव्हा पेशी सडलेल्या असतात आणि पुढचे सगळे वाया जाते. चांगला आलेला तुकडा निळसर पांढरा, थोडा पारदर्शक, ओल्या नारळाच्या मलईसारखा दिसतो आणि सुरीखाली चुन्याचे कण कचकचतात. त्यात हाड असेल तर ते मऊ करण्यासाठी आम्लात किंवा ईडीटीए या चुना काढून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ठेवावे लागते. तीव्र आम्लात काम लवकर होते, पण त्यात डीएनए नष्ट होतो आणि नंतर जनुकीय तपासणी करता येत नाही. ईडीटीएत डीएनए टिकतो, पण दिवस जास्त लागतात. ‘डॉक्टर, रिपोर्ट कधी?’ असा फोन तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा तुकडा अजून त्या द्रावणातच असतो.

काचेवर मी तीन गोष्टी पाहतो: पेशींची दाटी, केंद्रकांचा आकार व गडदपणा, आणि गाठीचे जुन्या हाडाशी वागणे. पहिल्या दोन गोष्टींवर दर्जा ठरतो, म्हणजे ग्रेड १ (सौम्य), २ किंवा ३ (सर्वांत आक्रमक). तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त उपयोगी वाटते. साध्या एन्कॉन्ड्रोमात कूर्चेच्या खंडांभोवती नव्या हाडाची पातळ चौकट तयार झालेली असते, म्हणजे हाडाने गाठीला कुंपण घातलेले असते. कर्करोगात गाठ जुन्या हाडाच्या पट्ट्यांमधल्या जागेत शिरते आणि त्या पट्ट्यांना चारी बाजूंनी वेढून आत अडकवते. हे दृश्य एकदा स्पष्ट दिसले की पेशी कितीही शांत असोत, मी साधी गाठ असे लिहीत नाही. पण ते दिसायला तुकड्यात कूर्चेसोबत जुने हाडही यावे लागते, आणि सुईच्या बारीक तुकड्यात ते पुष्कळदा येतच नाही. तुमच्या वडिलांच्या अहवालात ‘निश्चित पुरावा नाही’ असे असण्याचे कारण बहुधा हेच असावे: गाठीत पुरावा नाही असे नव्हे, तुकड्यात पुरावा आला नाही.

दुसरी अडचण गाठीच्या असमानतेची आहे. एकाच गाठीत एका बाजूला ग्रेड १ आणि दुसऱ्या बाजूला ग्रेड ३ असू शकते, आणि उपचार सर्वांत वाईट भागावर ठरतो. म्हणून सुई चुना दाट असलेल्या भागात न लावता, एमआरआयमध्ये औषध सोडल्यावर उजळणाऱ्या किंवा चुना नसलेल्या भागाकडे न्यावी लागते. कॉन्ड्रोसार्कोमाच्या सुमारे दहापैकी एका रुग्णात सौम्य दर्जाच्या कूर्चेच्या गाठीशेजारी अचानक अत्यंत आक्रमक, कूर्चेशी काहीही साम्य नसलेली गाठ उभी राहते. तिला डीडिफरन्शिएटेड प्रकार म्हणतात आणि तिच्यात रुग्ण वाचण्याची शक्यता कमी असते. सुई नेमकी कूर्चेच्या भागात गेली तर हा प्रकार निसटतो. कूर्चेचा भाग दाखवणाऱ्या ऑस्टिओसार्कोमाशीही गल्लत होते, आणि तिथे आयडीएच१ व आयडीएच२ या जनुकांची तपासणी कामी येते, कारण हाडाच्या आत वाढणाऱ्या नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमांपैकी साधारण निम्म्यांत या जनुकांत बदल सापडतो, ऑस्टिओसार्कोमात सहसा नाही. पण साध्या एन्कॉन्ड्रोमातही तोच बदल सापडतो, त्यामुळे साधी की घातक या मूळ प्रश्नाला ही महागडी तपासणी उत्तर देत नाही. कोणी तशा आशेने ती करायला सांगितली तर पैसे खर्च करण्यापूर्वी कारण विचारा. रक्ताच्या तपासणीतून हा आजार ओळखता येत नाही. ५८ व्या वर्षी रक्ततपासणी करतात ती मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) किंवा दुसरीकडून हाडात आलेला कर्करोग वगळण्यासाठी, कारण या वयात हाडातील गाठीची तीच कारणे सर्वांत जास्त असतात.

आता तुमच्या वडिलांविषयी माझे मत. वय, जागा, रात्रीचे दुखणे आणि एमआरआयमधील खोल कोर या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर ‘सहा महिने थांबा’ हा सल्ला मला मान्य नाही. दुखत नसलेल्या, योगायोगाने सापडलेल्या, भिंत न कोरलेल्या गाठीसाठी तो सल्ला योग्य असतो आणि तिथे तुकडाही काढावा लागत नाही. पण हाड कापून सांधा बसवण्याची भाषाही आजच करता येणार नाही. लांब हाडातच मर्यादित असलेली सौम्य दर्जाची गाठ आतून खरवडून, पोकळीवर फिनॉलसारखे द्रव्य लावून आणि ती सिमेंटने भरून बरी होऊ शकते. ग्रेड २ किंवा ३ असेल तर मात्र भोवतालच्या निरोगी भागासह संपूर्ण गाठ एका तुकड्यात काढावी लागते. नेहमीच्या प्रकारावर केमोथेरपी आणि रेडिएशनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून पहिली शस्त्रक्रिया बरोबर होणे हाच उपचाराचा गाभा आहे. छातीचा सीटी स्कॅन अजून झाला नसेल तर तो करावा लागेल, कारण वाईट दर्जाची गाठ पसरते ती बहुधा फुप्फुसात.

एका गोष्टीबाबत मात्र तातडी आहे. गाठीने पोकळ केलेले मांडीचे हाड साध्या ठेचेनेही मोडू शकते. उपचार ठरेपर्यंत दुखऱ्या पायाच्या विरुद्ध, म्हणजे डाव्या हातात काठी धरून चालणे, जिना टाळणे, दुचाकीवर न बसणे आणि मांडी अजिबात न चोळणे एवढे आजपासून पाळा. दुर्दैवाने हाड मोडलेच, तर निदान पक्के होईपर्यंत त्यात रॉड घालू देऊ नका. नेहमीच्या फ्रॅक्चरला तो उत्तम उपाय आहे, पण इथे रॉड गाठीच्या पेशी मांडीच्या हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पसरवतो आणि मग संपूर्ण हाड, कधी पायच, काढण्याची वेळ येते. रात्री अपरात्री अपघात विभागात पोहोचलात तर ‘इथे गाठ आहे, तुकडा तपासलेला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि अहवाल दाखवा.

कुठे जायचे? ज्या रुग्णालयात हाडांच्या कर्करोगाचा सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच टेबलावर बसून चित्र आणि काच शेजारी ठेवून निर्णय घेतात तिथे. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बेंगळुरूचे किदवाई या कर्करोगाच्या दोन मोठ्या संस्था आपल्या भागातील रुग्णांना माहीत आहेत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठणे खानापूरच्या माणसाला मुंबईपेक्षा सोयीचे पडते आणि कर्नाटकच्या आरोग्य योजनेची कागदपत्रेही तिथे चालतात, तर भाषेच्या आणि नातेवाइकांच्या ओढीने बरेचजण मुंबई निवडतात. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण एकच निवडा आणि तिथेच पूर्ण करा. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना लागू करण्याचे जाहीर केले होते. तिचा आधार घ्यायचा असेल तर गावाचे नाव यादीत आहे का आणि ते रुग्णालय ती स्वीकारते का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.

जाताना अहवालांच्या झेरॉक्स पुरेशा नाहीत. एक्स-रेच्या मूळ फिल्म, एमआरआयची सीडी, आणि प्रयोगशाळेतून काचा व मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे ज्यात तुमच्या वडिलांचा तुकडा बसवलेला असतो ती मेणाची लहान वडी. तिच्यातून नवीन काप घेऊन दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहू शकतो. काचा आणि ब्लॉक रुग्णाच्या हक्काचे आहेत, लेखी अर्ज देऊन सहीने मिळतात, आणि मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, मेण वितळते. पुन्हा पाहूनही निर्णय झाला नाही तर ठरवून, योग्य जागेतून दुसरा तुकडा घेतला जाईल, किंवा चित्रांवर भरवसा ठेवून थेट शस्त्रक्रिया होईल आणि अंतिम दर्जा काढलेली संपूर्ण गाठ तपासल्यावरच कळेल. दोन्ही मार्ग योग्य असू शकतात.

मुलांविषयीचा प्रश्न राहिला. हाडाच्या आत एकाच ठिकाणी झालेली अशी गाठ वारशाने येत नाही. आयडीएचमधील बदल त्या गाठीच्या पेशींपुरताच असतो. अपवाद आहे तो अनेक हाडांवर कूर्चेची टोपी असलेले उंचवटे येणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, ज्यात आईवडिलांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते आणि त्यांतील थोड्या जणांत, साधारण शंभरात एक ते पाच, पुढे एखाद्या उंचवट्यातून कर्करोग होतो. वाढीचे वय संपल्यावरही असा उंचवटा वाढू लागला, दुखू लागला किंवा एमआरआयमध्ये त्यावरची कूर्चेची टोपी दोन सेंटिमीटरहून जाड दिसली, तर तपासणी लांबवू नये. वडिलांच्या किंवा तुमच्या भावंडांच्या गुडघ्याजवळ, मनगटाजवळ, खांद्याजवळ लहानपणापासून असे टणक उंचवटे नसतील, तर मुलांचे एक्स-रे काढत बसण्याची गरज नाही.